एक डबा, चार पडदे आणि एकच बायोडेटा

आपल्या सेमिनार हॉलमध्ये पोडियमच्या मागे एक लोखंडी रॅक आहे. त्यात ॲम्प्लिफायरच्या खाली एक काळा, चपटा डबा बसवलेला आहे. पुढे आकड्यांची बटणं आणि मागे एचडीएमआय केबल्सचं जंगल! गॅदरिंग असो, टेक फेस्ट असो की पाहुण्यांचं व्याख्यान, लॅपटॉपमधलं चित्र पडद्यावर जातं ते या डब्यातून. चित्र आलं तर डब्याची कुणाला आठवणही होत नाही. नाही आलं तर मात्र हॉलमध्ये एकच वाक्य ऐकू येतं, 'लॅपटॉपमध्येच प्रॉब्लेम आहे.'

या डब्याचं नाव व्हिडिओ मॅट्रिक्स स्विच. तो दोन कामं करतो. पहिलं म्हणजे सिग्नलला वाट करून देणं, आणि दुसरं म्हणजे पडद्यांची माहिती लॅपटॉपला सांगणं. पहिलं काम तो इमानेइतबारे करतो. गडबड होते ती बहुतेक वेळा दुसऱ्या कामात, आणि बिल फाटतं लॅपटॉपवाल्याच्या नावावर. म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगते. मी शाळेपासून कॉन्व्हेंटवाली. मराठी विभागाच्या संपादकांनी 'टेक्निकल लेख मराठीत दे' म्हटल्यावर घामच फुटला होता. पण 'रिझोल्यूशन'ला शब्दकोशात प्रतिशब्द शोधत बसण्यापेक्षा आपण हॉस्टेलवर जसं बोलतो तसंच लिहिलं आहे. शुद्ध मराठीवाल्यांनी सांभाळून घ्यावं.

स्प्लिटर, स्विच आणि मॅट्रिक्स

आधी तीन भावंडांची ओळख करून घेऊ, कारण दुकानात यांची नावं सर्रास एकमेकांना चिकटवली जातात. एका लॅपटॉपचं चित्र एकाच वेळी दोन-चार पडद्यांवर दाखवतो तो स्प्लिटर. दोन-चार लॅपटॉपपैकी एकाचं चित्र एका पडद्यावर पाठवतो तो स्विच. आणि कुठल्याही लॅपटॉपचं चित्र कुठल्याही पडद्यावर हवं तसं पाठवतो तो मॅट्रिक्स.

आपला डबा चार बाय चारचा आहे, म्हणजे चार इनपुट आणि चार आउटपुट. इनपुटला पोडियमवरचा लॅपटॉप, कंट्रोल टेबलवरचा पीसी, डॉक्युमेंट कॅमेरा आणि गॅदरिंगला लागणारा व्हिडिओ कॅमेरा. आउटपुटला व्हरांड्यातला टीव्ही, हॉलचा मोठा प्रोजेक्टर, स्टेजवर बोलणाऱ्यासमोरचा छोटा मॉनिटर आणि शेजारच्या ट्यूटोरियल रूममधला टीव्ही. हॉल भरला की उरलेली मंडळी तिथे बसून बघतात.

नियम एकच आहे. एका इनपुटचं चित्र कितीही आउटपुटना जाऊ शकतं, पण एका आउटपुटला एका वेळी एकच इनपुट मिळतं. एका सरांचं लेक्चर स्पीकरवरून चार वर्गांना ऐकवता येईल. पण एकाच वर्गात चार सर एकदम शिकवायला लागले तर? तसंच आहे हे.

कागदावर चार आडव्या रेघा काढा, त्या इनपुट. त्यांना छेदणाऱ्या चार उभ्या रेघा काढा, त्या आउटपुट. सोळा ठिकाणी फुल्या होतील. ज्या फुलीवर जोड दिला, तिथून चित्र वळलं. याला क्रॉसबार म्हणतात. हे नाव जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधून आलं आहे. तिथे खरोखरच्या धातूच्या पट्ट्या होत्या आणि त्या हलून दोन फोन जोडले जायचे. आता सगळ्या फुल्या एका चिपमध्ये मावतात. प्रत्येक आउटपुटच्या मागे एक मल्टिप्लेक्सर असतो. दुसऱ्या वर्षाला डिजिटलच्या लॅबमध्ये ब्रेडबोर्डवर लावला तोच, फक्त कित्येक पट वेगवान. आपण बटण दाबलं की आतला मायक्रोकंट्रोलर त्या मल्टिप्लेक्सरला सांगतो, 'आता तीन नंबरचं घे.' झालं रूटिंग!

प्रत्येक आउटपुटला चार पर्याय, म्हणून चार बाय चारच्या डब्यात एकूण ४ × ४ × ४ × ४ म्हणजे २५६ जोडण्या शक्य आहेत. आठ बाय आठचा डबा घेतला तर हाच आकडा १,६७,७७,२१६ होतो. ओळखीचा वाटतो ना? २४ बिटमध्ये जेवढे रंग बसतात, नेमका तेवढाच.

मोठ्या एक्स्चेंजमध्ये फुल्यांची संख्या भयंकर वाढत जाते. म्हणून बेल लॅब्जमधल्या चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्ये तीन टप्प्यांत जोडणी करून कमी फुल्यांत काम कसं भागवायचं याचं गणित मांडलं. 'क्लॉस नेटवर्क' या नावाने ते आजही शिकवलं जातं. आपल्या सोळा फुल्यांच्या डब्याला त्याची गरज नाही.

वायरला वायर का नाही जोडायची?

फर्स्ट इयरवाल्यांचा हा नेहमीचा प्रश्न. दोन टीव्हींना एकच चित्र हवं, तर केबल सोलून वाय-जोड का नाही द्यायचा? हॉस्टेलमध्ये एक्स्टेन्शन बोर्डाला आपण आणखी काय करतो!

आकडे बघू. फुल एचडी चित्रात १९२० × १०८० पिक्सेल दिसतात, पण पाठवताना भोवती न दिसणारा समास धरून २२०० × ११२५ पाठवले जातात. याच समासाच्या जागेतून आवाजही जातो. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे सेकंदाला १४ कोटी ८५ लाख पिक्सेल. लाल, हिरवा, निळा यांच्यासाठी तारांच्या तीन जोड्या आणि क्लॉकसाठी चौथी. प्रत्येक रंगाचे ८ बिट पाठवण्यापूर्वी १० बिटांमध्ये बदलले जातात. म्हणजे रंगाच्या प्रत्येक जोडीतून सेकंदाला सुमारे दीडशे कोटी बिट धावतात. एका बिटच्या वाट्याला ०.६७ नॅनोसेकंद येतो. तेवढ्या वेळात केबलमधला सिग्नल जेमतेम १३-१४ सेंटीमीटर जातो. म्हणजे एक बिट वीतभरही लांब नाही! पोडियमपासून प्रोजेक्टरपर्यंतच्या १५ मीटर केबलमध्ये एका वेळी शंभरेक बिट वाटेत असतात, एकामागे एक.

या वेगाला तार ही नुसती तार राहत नाही, ट्रान्समिशन लाइन होते. तिच्या टोकाला योग्य रोध नसेल तर सिग्नल आपटून मागे फिरतो आणि पुढच्या बिटांवर आदळतो. वाय-जोड दिला की नेमकं हेच होतं. म्हणून डब्यात प्रत्येक इनपुटला स्वतःचा रिसीव्हर आणि प्रत्येक आउटपुटला स्वतःचा ड्रायव्हर असतो. लांबच्या केबलमधून थकून आलेला सिग्नल आधी इक्वलायझर सावरतो, मग क्रॉसबार त्याला वाट देतो, मग ड्रायव्हर नव्या दमाने पुढे ढकलतो. ४के चित्र सेकंदाला ६० फ्रेमने पाठवायचं तर हाच वेग चौपट होतो. एचडीएमआय २.० मध्ये, म्हणजे २०१३ पासून, त्याची सोय झाली.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. सिग्नल एका दिशेने जातो, डबा वाट देतो. मग चित्र अडतं कुठे?

सगळे ठीक, तरी चित्र नाही

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या वर्गाचे सेमिनार सुरू झाले. एकाने नवाकोरा लॅपटॉप आणला होता, घरच्यांनी उसाचं बिल आल्यावर घेऊन दिलेला. त्याची पाळी आली, त्याने केबल लावली आणि प्रोजेक्टरवर आलं काय, तर 'नो सिग्नल'. केबल काढून लावली, लॅपटॉप रीस्टार्ट केला. दहा मिनिटं गेली. शेवटी मी माझा लॅपटॉप दिला. माझा म्हणजे ताईने वापरून टाकलेला, बिजागरी ढिली झालेला. तो लगेच चालला! मग काय, 'नवीन घेतलास, पण जरा बघून घ्यायचा ना' असे सल्ले चारी बाजूंनी सुरू झाले. वेळ संपली, निम्म्या स्लाइड राहून गेल्या. संध्याकाळी तो बिचारा दुकानात गेला. दुकानदाराने 'पोर्ट गेलाय' म्हणून साडेसहा हजारांचा अंदाज हातात दिला.

गंमत अशी की तोच लॅपटॉप बॉइज हॉस्टेलच्या टीव्हीला पहिल्या झटक्यात चालला. म्हणजे पोर्ट ठीक. प्रोजेक्टर माझ्या लॅपटॉपवर चालला होता, म्हणजे तोही ठीक, आणि केबलही ठीक. सगळे ठीक, आणि तरी चित्र नाही!

दुसऱ्या दिवशी आमच्या लॅबचे काका म्हणाले, 'लॅपटॉपलाच विचारा ना, तू कुणाला जोडलायस म्हणून.' डिस्प्ले सेटिंग उघडलं. तिथे प्रोजेक्टरचं नावच नव्हतं. नाव होतं व्हरांड्यातल्या टीव्हीचं! केबल प्रोजेक्टरच्या वाटेला लावलेली, आणि लॅपटॉप मात्र समजत होता की आपण टीव्हीला जोडलेलो आहोत.

हे नाव लॅपटॉपला कुठून कळलं? इथे आपल्या लेखाचा नायक येतो. त्याचं नाव ईडीआयडी.

पडद्याचा बायोडेटा

लग्न ठरवताना आधी बायोडेटा जातो. उंची किती, शिक्षण काय, अपेक्षा काय. पडद्याचंही तसंच आहे. प्रत्येक मॉनिटर, टीव्ही आणि प्रोजेक्टरच्या आत एक छोटी मेमरी असते आणि तिच्यात त्याचा बायोडेटा लिहिलेला असतो. त्याचा साचा व्हेसा या संस्थेने १९९४ मध्ये ठरवला. तेव्हा टेबलावर काचेचे जाडजूड मॉनिटर होते. ते गेले, पण बायोडेटाचा साचा अजून तोच आहे. फक्त मागे नवी पानं जोडली गेली.

मुख्य पान १२८ बाइटचं. मोजणी शून्यापासून. पहिले आठ बाइट ठरलेले: ००, मग सहा वेळा एफएफ, मग पुन्हा ००. 'इथून बायोडेटा सुरू' अशी ती खूण. आठव्या आणि नवव्या बाइटमध्ये कंपनीची तीन अक्षरं, प्रत्येक अक्षराला पाच बिट. डेलच्या मॉनिटरमध्ये तिथे १० एसी दिसतं. डी चौथं, ई पाचवं, एल बारावं अक्षर. पाच-पाच बिट ओळीने मांडा आणि पडताळून बघा, रात्री मेसनंतरचा चांगला टाइमपास आहे. सोळाव्या बाइटमध्ये उत्पादनाचा आठवडा आणि सतराव्यात वर्ष, तेही १९९० वजा करून. तिथे ३४ दिसलं तर पडदा २०२४ चा. एकविसाव्या आणि बाविसाव्यात पडद्याची रुंदी आणि उंची, सेंटीमीटरमध्ये.

चोपन्नाव्या बाइटपासून खरी अपेक्षा सुरू होते. तिथल्या पहिल्या अठरा बाइटमध्ये पडदा सांगतो, 'मला सगळ्यात जास्त हे चित्र आवडतं.' यालाच प्रिफर्ड टायमिंग म्हणतात. फुल एचडीवाल्या पडद्याच्या बायोडेटात इथे बहुतेक वेळा ०२ ३ए हे दोन बाइट सापडतात. उलट क्रमाने वाचले की ३ए०२, दशमानात १४८५०. हे दहा किलोहर्ट्झच्या पटीत, म्हणजे १४८.५ मेगाहर्ट्झ. वर काढलेले १४ कोटी ८५ लाख ते हेच! त्यापुढच्या अठरा-अठरा बाइटच्या कप्प्यांपैकी एकात पडद्याचं नाव असतं. आम्हाला सेटिंगमध्ये दिसलं ते तिथलंच.

१२६ वा बाइट सांगतो की मागे किती जादा पानं आहेत. १२७ वा असा निवडलेला असतो की सगळ्या १२८ बाइटची बेरीज २५६ ने निःशेष भागली जावी. नाही भागली तर पान खराब आहे. एचडीएमआयच्या पडद्याला निदान एक जादा पान लागतंच. त्यात टीव्हीची ठरावीक रिझोल्यूशन, आवाजाचे कुठले प्रकार झेपतात आणि 'मी एचडीएमआयवाला आहे' ही खूण असते.

हा बायोडेटा वाचायची वाट वेगळी आहे. चित्राच्या चार जोड्यांशी तिचा संबंध नाही. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी १५ आणि १६ नंबरच्या पिनांवर आय-टू-सी बस चालते. मायक्रोकंट्रोलरच्या लॅबमध्ये आपण ईईप्रॉम वाचतो ना, तीच. लॅपटॉप केबल लागल्यावर आधी हे वाचतो आणि मग काय पाठवायचं ते ठरवतो. म्हणजे चित्र लॅपटॉपकडून पडद्याकडे जातं, पण त्याआधी माहिती पडद्याकडून लॅपटॉपकडे आलेली असते. उलट्या दिशेने!

मध्यस्थाची पंचाईत

आता डबा मध्ये आणा. लॅपटॉप विचारतो, 'समोर कोण आहे?' डब्याच्या मागे चार पडदे आहेत, चौघांचे चार बायोडेटा. लॅपटॉपला मात्र एकच वाचता येतो.

मग चौघांच्या तारा एकत्र का करू नयेत? कारण प्रत्येक पडद्याचा बायोडेटा आय-टू-सीच्या एकाच पत्त्यावर असतो, हेक्समध्ये ५०. जगातल्या सगळ्या पडद्यांचा पत्ता हाच. केबलने दोघंच जोडलेले असतात तेव्हा यात काही अडचण नाही. पण चौघांना एकत्र जोडलं तर हजेरीला एका रोल नंबरवर चार जणांनी 'प्रेझेंट' म्हटल्यासारखं होईल.

शिवाय अडचण वेळेची आहे. लॅपटॉप केबल लावल्याबरोबर विचारतो. त्याचं चित्र कुठल्या पडद्यावर पाठवायचं हे आपण तेव्हा ठरवलेलंही नसतं, आणि ठरवलं तरी पाच मिनिटांनी बदलू. उत्तर मात्र आत्ता हवं.

म्हणून डबा चलाख मध्यस्थाचं काम करतो. लॅपटॉपचा प्रश्न तो पडद्यापर्यंत जाऊच देत नाही. प्रत्येक इनपुटमागे त्याने स्वतःची एक छोटी मेमरी ठेवलेली असते. त्यात एक बायोडेटा लिहून ठेवतो आणि विचारलं की तोच पुढे करतो. लॅपटॉपला वाटतं, पडदाच बोलतोय. माझ्या मते अख्ख्या डब्यातलं सगळ्यात अवघड काम हेच आहे. सिग्नलच्या २५६ वाटा जोडणं मल्टिप्लेक्सर करतात. पण चार वेगवेगळ्या पडद्यांबद्दल एकच उत्तर काय द्यायचं, हे कुणीतरी ठरवावं लागतं.

त्याचे चार मार्ग आहेत.

पहिला मार्ग, एका पडद्याचा बायोडेटा कॉपी करायचा. बऱ्याच डब्यांत हा आउटपुट १ चा असतो. चारही पडदे एकसारखे असतील तर उत्तम. नसतील तर एकाच्या मापाने चौघांचे कपडे शिवल्यासारखं होतं.

दुसरा मार्ग, चौघांना झेपेल असं किमान शोधायचं. चित्र सगळीकडे येतं, पण चौघांत एक जुना १०२४ × ७६८ वाला असला की सगळ्यांना तेच. एकाला तिखट चालत नाही म्हणून सगळ्या मेसची भाजी अळणी!

तिसरा मार्ग, कुणालाच न विचारता डब्यातला ठरावीक बायोडेटा द्यायचा, उदाहरणार्थ 'फुल एचडी, ६० फ्रेम, दोन चॅनेलचा आवाज'. साधा पण खात्रीचा. अट एकच, चारही पडद्यांना हे झेपतं की नाही ते माणसाने आधी तपासायला हवं.

चौथा मार्ग श्रीमंती. प्रत्येक आउटपुटला स्केलर. लॅपटॉपने काहीही पाठवलं तरी स्केलर ते त्या पडद्याच्या मापाचं करून देतो. चित्र आधी मेमरीत साठवावं लागतं म्हणून थोडा उशीर होतो, ६० फ्रेमच्या चित्रात एका फ्रेमला सुमारे १७ मिलिसेकंद. स्लाइडला काहीच फरक पडत नाही, गेमिंगला पडतो. आणि किंमत वाढते ती वेगळीच.

आमच्या हॉलमध्ये काय झालं होतं?

डबा पहिल्या मार्गावर होता, आउटपुट १ ची कॉपी. आउटपुट १ ला व्हरांड्यातला टीव्ही. आधी तो फुल एचडी होता, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला काही कळलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत तो बदलून ४के टीव्ही लागला. डब्याने नव्या टीव्हीचा बायोडेटा कॉपी केला. सुट्टीनंतर नवा लॅपटॉप आला, त्याने वाचलं, 'समोर ४के टीव्ही आहे, ६० फ्रेम झेपतात', आणि त्याने ३८४० × २१६० पाठवायला सुरुवात केली. डब्याने ते प्रामाणिकपणे प्रोजेक्टरकडे वळवलं. प्रोजेक्टर स्वतः १२८० × ८०० चा, फुल एचडीपर्यंत घेऊन लहान करून दाखवणारा. ४के त्याला समजेचना, म्हणून 'नो सिग्नल'. माझ्या लॅपटॉपला मुळात फुल एचडीच्या वर काही पाठवताच येत नाही. त्याने यादीतलं झेपणारं निवडलं आणि तो चालला. म्हणजे नवा लॅपटॉप अडला तो चांगला होता म्हणून!

यात खोटं कुणीच बोललं नव्हतं. टीव्हीने स्वतःबद्दल खरं सांगितलं, डब्याने ते जसंच्या तसं कळवलं, लॅपटॉपने त्यावर विश्वास ठेवला, प्रोजेक्टरने न झेपणारं नाकारलं. फक्त प्रश्न एकाबद्दलचा होता आणि उत्तर दुसऱ्याचं मिळालं.

काकांनी डब्याचं सेटिंग तिसऱ्या मार्गावर, फुल एचडीवर नेलं. दोन बटणांचं काम. नवा लॅपटॉप लावला, चित्र हजर. सरांनी त्याला पुन्हा पंधरा मिनिटं दिली आणि साडेसहा हजार वाचले.

तीन छोटी कोडी

पहिलं कोडं: डब्यावर बटण दाबलं की कधीकधी लॅपटॉपचा स्क्रीन मिचमिचतो आणि सगळ्या खिडक्या इकडेतिकडे उडतात. का? एचडीएमआयची १९ नंबरची पिन म्हणजे हॉट प्लग डिटेक्ट. 'मी आलोय, बायोडेटा वाच' हा निरोप पडदा तिच्यावरून देतो. बायोडेटा बदलला की डबा ही पिन निदान १०० मिलिसेकंद खाली ओढून पुन्हा वर सोडतो. लॅपटॉपला वाटतं, एक पडदा गेला आणि दुसरा आला, म्हणून तो सगळी मांडामांड नव्याने करतो. बायोडेटा ठरावीक असेल तर वाट बदलली तरी लॅपटॉपला पत्ता लागत नाही.

दुसरं कोडं: चित्र आहे, आवाज नाही. लॅपटॉप बायोडेटाच्या जादा पानात 'एचडीएमआयवाला' ही खूण शोधतो. ती नसेल तर तो समोरच्याला जुना डीव्हीआय मॉनिटर समजतो आणि आवाज पाठवतच नाही. डब्यातून आवाज काढून ॲम्प्लिफायरला दिलेला असेल आणि डब्याने बिनस्पीकरच्या प्रोजेक्टरचा बायोडेटा कॉपी केला असेल, तर अख्खा हॉल गप्प होऊ शकतो. स्पीकरवाल्याची काही चूक नसते.

तिसरं कोडं: वाट बदलल्यावर एक-दोन सेकंद काळा पडदा. टीव्ही स्टुडिओत तर कॅमेरे खटकन बदलतात! तिथे सगळ्या कॅमेऱ्यांना एकाच सिंकच्या तालावर ठेवलेलं असतं आणि दोन फ्रेमच्या मधल्या फटीत वाट बदलली जाते. शिवाय स्टुडिओतला एसडीआय सिग्नल एकतर्फी असतो. तिथे बायोडेटा नाही, कुठलं चित्र चालेल ते माणसांनी आधीच ठरवलेलं असतं. आपल्या हॉलमधले लॅपटॉप मात्र ज्याचा त्याचा ताल घेऊन येतात. वाट बदलली की पडद्याला नवा ताल पकडावा लागतो. त्यात सिनेमासारखं संरक्षित चित्र असेल तर एचडीसीपीची ओळखपरेड पुन्हा होते. दोन्ही बाजू आपापल्या गुप्त किल्ल्यांवरून एकमेकांची खात्री पटवतात, मध्ये डबा असेल तर त्याचीही. एखादा जुना पडदा यात नापास झाला, तर स्लाइड दिसतात आणि सिनेमा दिसत नाही.

आपण काय करायचं?

विद्यार्थ्यांसाठी: चित्र आलं नाही तर घाबरून केबल पिळत बसू नका. विंडोज आणि पी ही बटणं दाबून 'डुप्लिकेट' निवडा. तरी नाही, तर डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन समोर कुणाचं नाव दिसतंय ते वाचा. भलतंच नाव दिसलं तर दोष कुठे शोधायचा ते कळलं. मग त्या पडद्याचं रिझोल्यूशन हाताने १९२० × १०८० करा. नव्वद टक्के सेमिनार इथेच वाचतात, असं काकांचं मत! दुकानात जायच्या आधी लॅपटॉप दुसऱ्या एखाद्या टीव्हीला थेट लावून बघा. लिनक्सवाल्यांनी ईडीआयडी-डिकोड हा प्रोग्रॅम चालवावा, बायोडेटाचा बाइटन् बाइट उलगडून दिसतो.

स्टाफसाठी नम्र विनंती: डब्याचं ईडीआयडी सेटिंग ठरावीक फुल एचडी आणि स्टिरिओवर ठेवावं. मागच्या चार पडद्यांपैकी एकही बदलला तरी हे सेटिंग पुन्हा तपासावं, कारण व्हरांड्यातल्या टीव्हीचा परिणाम पोडियमवर होतो हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. आणि रॅकच्या दारावर एक कागद चिकटवावा: कुठल्या आउटपुटला कुठला पडदा, त्याला जास्तीत जास्त काय झेपतं, शेवटचा बदल कधी. चार ओळींचं काम आहे. टीव्ही बसवणारा एक, डबा बसवणारा दुसरा आणि सेमिनार देणारा तिसरा असतो. तिघं एकमेकांना कधीच भेटत नाहीत. तो कागद तेवढा तिघांनाही दिसेल.

पुढच्या सेमिस्टरला पुन्हा नवे लॅपटॉप येतील. त्यांतले काही कर्जाचे असतील, काही उसाच्या बिलाचे. तेव्हा 'लॅपटॉपमध्येच प्रॉब्लेम आहे' म्हणण्याआधी कुणीतरी एवढंच विचारावं, 'याला समोर कोण आहे म्हणून सांगितलंय?'

तृतीय वर्ष, ई. अँड टीसी.